तांदळाएवढा शिकारी

यंदाच्या पावसात या सदराच्या टपालात गोगलगायीच जास्त आल्या. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, जिथून म्हणून पत्रे आली तिथे तक्रार एकच: कुंडीतली कोवळी पाने रातोरात फस्त होतात, काय टाकायचे ते सांगा. त्यात मुलुंडच्या एका भगिनीचे पत्र वेगळे निघाले. त्यांनी सुरम्याच्या रिकाम्या डबीत कापसावर सहा पांढरे शंख ठेवून पाठवले होते. प्रत्येक शंख बासमतीच्या दाण्याएवढा, फार तर थोडा जाड. गॅलरीतल्या पुदिन्याच्या आणि मेंदीच्या कुंडीत ते सापडले. सोसायटीच्या माळ्याने सांगितले, ही मोठ्या शंखी गोगलगायीची पिल्ले, आताच मीठ टाका, नाहीतर महिन्याभरात झाडाचा दांडा उरणार नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तर विषारी गोळ्या मागवायचेही ठरत होते. पण सातवीतल्या मुलीने भिंगातून पाहून आईला विचारले, "पिल्लू आहे तर याच्या तोंडात दात कसे?"

मुलीचा प्रश्न अगदी मोक्याचा आहे. डबीतले शंख आम्ही पाहिले. ती मोठ्या शंखीची पिल्ले नाहीत, आणि ती पाने खाणारी जातही नाही. ही हटनेला बायकलर नावाची गोगलगाय आहे. ती मांसाहारी आहे. तिचे भक्ष्य म्हणजे इतर लहान गोगलगायी. त्या कुंडीत मीठ पडले असते तर चोर सुटून चौकीदार मारला गेला असता.

आपल्याकडे वरून गरीब आणि आतून पक्क्या माणसाला "गोगलगाय नि पोटात पाय" म्हणतात. गंमत अशी की गोगलगायींच्या सबंध वर्गाला शास्त्रात जे गॅस्ट्रोपोडा नाव आहे, त्या ग्रीक शब्दांचा अर्थही पोट आणि पाय असाच होतो. म्हणीतला दुसरा अर्थ मात्र या तांदळाएवढ्या जातीला जितका शोभतो तितका दुसऱ्या कुणाला शोभत नसेल.

आता ओळख कशी पटवायची ते सविस्तर सांगतो, कारण हे काम घरी करता येते. लागते काय, तर दहापट दाखवणारे भिंग, मिलिमीटरच्या खुणांची शाळेची पट्टी, काळा कागद आणि चांगला उजेड. शंख पाण्यात भिजवून मऊ ब्रशने माती काढावी. टाचणीने खरवडू नये. एवढा शंख अंड्याच्या टरफलाहून नाजूक असतो. मग तो काळ्या कागदावर ठेवावा. शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे. पहिला प्रश्न हाच: तोंड कोणत्या हाताला आले? उजव्या हाताला आले तर शंख उजवा, डाव्या हाताला आले तर डावा. बहुसंख्य गोगलगायी उजव्या असतात. आपल्या पश्चिम घाटात आणि कोकणपट्टीत आरिओफँटा नावाच्या गटात डावे शंख भेटतात, ते चांगले मोठे असतात आणि एकदा पाहिले की विसरत नाहीत. डबीतले सहाही शंख उजवे होते.

दुसरी गोष्ट आकार. पट्टीवर आमच्या शंखांची उंची सहा ते सात मिलिमीटर भरली आणि रुंदी जेमतेम दोन. पण नुसत्या मापाने काही ठरत नाही; घडण पाहावी लागते. बहुतेक उंच शंख शेंड्याकडे निमुळते होत जातात, भोवऱ्यासारखे किंवा चांभाराच्या आरीसारखे. हा शंख तसा निमुळता नाही. तो नळीसारखा आहे: खालचे वेढे आणि वरचे वेढे जवळपास सारख्याच रुंदीचे, आणि शेंडा टोकदार नसून बोथट, घुमटासारखा. दोन वेढ्यांमधली शिवण स्पष्ट दिसते. पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत. ताजा शंख काचेसारखा पारदर्शक असतो, आणि जीव मेल्यावर उन्हापावसात पडून राहिला की खडूसारखा पांढरा होतो. डबीत दोन्ही प्रकारचे होते, म्हणून मुलीने सुरुवातीला त्या दोन जाती समजल्या. शंखाच्या रंगावरून जात ओळखण्याची घाई म्हणूनच करू नये. रंग सगळ्यांत आधी जातो, घडण शेवटपर्यंत टिकते.

तिसरी आणि निर्णायक खूण तोंडात आहे. भिंग तोंडाजवळ नेऊन शंख उजेडात हळूहळू फिरवावा. तोंडाचा काठ जाड, पांढरा आणि बाहेर किंचित वळलेला दिसेल, आणि आतल्या बाजूला बारीक उंचवटे दिसतील: एक वरच्या भिंतीवर, एक बाहेरच्या ओठावर, एक मधल्या खांबाच्या बाजूला आणि एक तळाशी. मुलीने पाहिलेले "दात" ते हेच. तोंड त्यामुळे किल्लीच्या भोकासारखे अडलेले वाटते.

हे दात चावण्याचे नव्हेत, हे इथेच स्पष्ट करायला हवे, कारण मांसाहारी म्हटल्यावर कुणालाही तसेच वाटेल. ते शंखाचाच भाग आहेत, चुन्याचे, हलत नाहीत. दारात आडवे दगड टाकावेत तसे ते असावेत, म्हणजे किडे आत घुसू नयेत, असे समजले जाते. झाडपाला खाणाऱ्या काही जातींच्या शंखातही असे दात असतात. खरी हत्यारे वेगळी. गोगलगायीच्या मुखात जिभेसारखा एक पट्टा असतो आणि त्यावर दातांच्या ओळीच्या ओळी असतात. पाला, शेवाळ खरवडणाऱ्या जातींत हे दात बोथट आणि एकमेकांना चिकटून, किसणीसारखे. मांसाहारी जातींत ते लांब, टोकदार, कोयत्यासारखे. पण तो पट्टा पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. म्हणून शास्त्रज्ञसुद्धा आधी शंखाच्या खुणांवरून कुळ ओळखतात आणि त्या कुळाचा आहार माहीत असल्यामुळे आहार ठरवतात. शंख थेट "मी मांस खातो" असे सांगत नाही. तो आपले खानदान सांगतो, आणि खानदान बाकीचे सांगते.

ते खानदान म्हणजे स्ट्रेप्टॅक्सिडी. जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरलेले, बहुतेक सगळे शिकारी.

जिवंत सापडली तर हटनेला ओळखायला सोपी आहे. पारदर्शक शंखातून आतले शरीर पिवळ्या ते तांबूस रंगाचे दिसते, शंख काचेसारखा आणि आत केशर घातल्यासारखा. बायकलर म्हणजे दोन रंगांची, हे नाव त्यावरूनच. तिची शिकारही शंखाच्या घडणीशी जुळलेली आहे. ती आपल्यासारख्याच लहान, उंच शंखाच्या गोगलगायीचा माग काढते, तिच्या शंखाच्या तोंडातून आपले लांब, बारीक अंग आत सारते आणि आतल्या जिवाला आतच खाते. नळीसारखे अंग असल्याशिवाय दुसऱ्याच्या जिन्यात चढणे जमले नसते. कुंडीत रिकामे शंख पुष्कळ आणि जिवंत गोगलगायी थोड्या असे दिसले, तर आसपास ही असण्याची शंका घ्यायला हरकत नाही.

मग कुणाशी गल्लत होते? सर्वांत जास्त तिच्या भक्ष्याशीच. मुंबईच्या कुंड्यांत, नर्सरीतल्या मातीत, ओल्या भिंतीच्या तळाशी अॅलोपियास ग्रॅसिल आणि सुब्युलिना ऑक्टोना या दोन जाती असतात. दोघी पांढुरक्या, चकचकीत, बारीक. पण त्या शेंड्याकडे सरळ निमुळत्या होत जातात. सुब्युलिना या नावाच्या मुळाशी लॅटिनमधली आरीच आहे. त्यांच्या तोंडाचा काठ पातळ, धारदार, आणि आत दात नाहीत. सुब्युलिना जिवंत असेल तर शंखातून आत पिवळसर गोल अंडी माळेसारखी दिसतात. या दोघी मुख्यतः कुजका पाला खातात, म्हणजे त्याही फार मोठ्या गुन्हेगार नाहीत.

दुसरी गल्लत माळीकाकांची, मोठ्या शंखी गोगलगायीच्या पिल्लांशी. अंड्यातून नुकते निघालेले ते पिल्लू साधारण पाच मिलिमीटरचे, पण ढेरपोटे असते. उंची आणि रुंदीत फार फरक नसतो, तोंड मोठे, काठ पातळ, वेढे थोडेच. जरा वाढले की अंगावर तपकिरी उभे पट्टे येऊ लागतात. सात मिलिमीटर उंच आणि दोन मिलिमीटर रुंद असे मोठ्या शंखीचे पिल्लू कधीच असत नाही. आणि मुलीच्या प्रश्नाचे नेमके उत्तरही इथे आहे. जाड ओठ आणि दात हे हटनेलाच्या शंखात वाढ पुरी झाल्यावर येतात. वाढणाऱ्या शंखाला रोज तोंडाशी नवा चुना चढवायचा असतो, तिथे तो ओठ जाड करून बसत नाही. म्हणून एवढ्याशा शंखाला जाड, वळलेला ओठ दिसला तर तो लहान जातीचा प्रौढ आहे, मोठ्या जातीचे मूल नव्हे. उलट बाजूने सावधगिरीही हीच: हटनेलाच्या पिल्लाला दात दिसणार नाहीत, तेव्हा एकाच शंखावरून निकाल देऊ नये. पाचसहा गोळा करावेत, त्यातला सर्वांत पूर्ण वाढलेला निवडावा.

या जातीचे वर्णन प्रथम केले ते थॉमस हटन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने, 1834 मध्ये, भारतातल्याच नमुन्यांवरून. त्याने तिला प्युपा बायकलर म्हटले. पुढे ती एनिया झाली, मग बरीच वर्षे ग्युलेला, आणि आता हटनच्या नावावरून हटनेला. ब्लॅनफोर्ड आणि गॉडविन-ऑस्टेन यांचा ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील मालिकेतला मृदुकाय प्राण्यांचा पहिला खंड 1908 चा आहे. जुन्या ग्रंथालयात तो हाती आला तर तिथे तिला जुन्या नावाने शोधावे लागेल. नाव तीन वेळा बदलले, आडनावासारखे मागे लागलेले बायकलर मात्र सुटले नाही. ही जात मूळ आपल्याच भागातली मानली जाते, आणि कुंड्या, रोपे, माती यांच्या व्यापाराबरोबर ती वेस्ट इंडीज आणि फ्लोरिडापर्यंत पोचली आहे. एवढ्या दूरच्या सफरी करणारा हा जीव स्वतः सबंध रात्रीत एक गॅलरीही ओलांडत नसेल.

हिची एक चुलत बहीण सह्याद्रीत आहे आणि तिला नाव मिळून फार वर्षे झालेली नाहीत. 2021 मध्ये अमृत भोसले, तेजस ठाकरे आणि वेल्समधल्या संग्रहालयाचे बेन रोसन यांनी हॅप्लोप्टिकियस सह्याद्रिएन्सिस ही नवी मांसाहारी गोगलगाय जगापुढे आणली. हॅप्लोप्टिकियस गटाचा शंख नळीसारखा नसतो. तो बसका असतो आणि सगळ्यांत मोठी खूण म्हणजे वाकडा: वेढे एकाच आसाभोवती शहाण्यासारखे फिरत येतात आणि शेवटी शेवटी आसावरून एका बाजूला घसरतात, जणू कुणी ओल्या मातीचे भांडे चाकावरच बोटाने ढकलले. तोंडात वरच्या भिंतीवर एकच पट्टी. स्ट्रेप्टॅक्सिस या शब्दातच पिळलेल्या, वाकलेल्या रचनेचा अर्थ आहे. आमच्या वाचकांपैकी कुणाला कोकणातल्या गावी, घाटाच्या बाजूला, पाल्यात असा वाकडा पांढरट शंख सापडला, तर तो फुटका किंवा रोगट समजून फेकू नये. वाकडेपणा हीच त्या खानदानाची मोहर आहे.

आता त्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याकडे येऊ. भगिनी विचारतात, ही जर इतर गोगलगायींना खाते, तर आम्ही ती वाढवून सगळ्या सोसायटीत सोडू का, म्हणजे मोठ्या शंखीचा बंदोबस्त होईल?

नको. एक तर सात मिलिमीटरचा जीव हाताच्या पंज्याएवढ्या शंखीचे काय करणार! आणि दुसरे कारण जास्त गंभीर आहे, ते जगाने फार महागात शिकले आहे. मोठी शंखी, म्हणजे लिसाकॅटिना फुलिका, मूळ पूर्व आफ्रिकेची. भारतात ती 1847 मध्ये आली. विल्यम बेन्सन नावाच्या शंखशौकीन इंग्रजाने मॉरिशसहून काही जिवंत आणल्या आणि कलकत्त्याच्या एका बागेत त्या सुटल्या. तिथून ती पसरत राहिली. 2022 च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या सोयाबीनच्या शेतांत तिने काय केले ते शेतकरी कुटुंबांतल्या वाचकांना सांगायला नको. हवाई बेटांवरही ती अशीच माजली होती. तेव्हा 1955 मध्ये तिथल्या सरकारने फ्लोरिडाची एक मांसाहारी गोगलगाय, युग्लँडिना रोझिया, आणून सोडली. गुलाबी झाक असलेला, चातीसारखा दोन्हीकडे निमुळता शंख, दोन-तीन इंच लांब, आणि गोगलगायीच्या मानाने भलतीच चपळ. तोच प्रयोग 1974 मध्ये ताहितीत आणि 1977 मध्ये शेजारच्या मोरिआ बेटावर झाला. शंखी राहिली बाजूला. युग्लँडिनाला सोप्या सापडल्या त्या बेटांवरच्या स्वतःच्या, लहान, निरुपद्रवी झाडगोगलगायी. मोरिआवरच्या पार्टुला गटाच्या सगळ्या जाती दहा वर्षांत रानातून नाहीशा झाल्या. ज्या शंखांचे हार तिथल्या बायका पिढ्यान् पिढ्या ओवत होत्या, त्यांचे वंशज उरले ते प्राणिसंग्रहालयांतल्या काचेच्या पेट्यांत. एका जातीचा शेवटचा जीव 1996 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेला. हवाईत अकाटिनेला गटातल्या एका जातीचा शेवटचा जीव, ज्याचे नाव जॉर्ज ठेवले होते, 1 जानेवारी 2019 ला गेला.

मांसाहारी एवढा एक शब्द ऐकून त्या सरकारांनी निर्णय घेतला. कोण, कोणाला, किती आकाराचे असताना खातो, हे कुणी पुरते पाहिले नाही. मुलुंडच्या मुलीने निदान भिंग तरी लावले!

आपली हटनेला इथलीच आहे, तिला कुठे सोडायचे नाही आणि कुठून उपटायचेही नाही. जिथे आहे तिथे राहू द्यावे. पुदिन्याला तिचा काही त्रास नाही.

मिठाबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवे, कारण ते जवळजवळ प्रत्येक घरात वापरले जाते आणि मुले ते खेळ म्हणून पाहतात. गोगलगायीच्या ओल्या अंगावर मीठ पडले की मीठ अंगातले पाणी ओढून घेते. जीव वाचवायला ती फेस काढत राहते, आणि हे पुष्कळ वेळ चालते. दीन आपल्याला उपद्रवी जिवाला मारण्यापासून रोखत नाही, पण पैगंबर मुहंमद (स.) यांनी जनावर जबह करतानासुद्धा चांगल्या रीतीने करा, सुरी धारदार करा, त्याला आराम द्या, असे शिकवले आहे. एक मुंगी चावली म्हणून सबंध वारूळ जाळणाऱ्या एका नबीला अल्लाहने जाब विचारला, ही हदीसही आपल्या मुलांना माहीत असते. सूरह नम्लमध्ये मुंगीचे बोलणे ऐकून सुलैमान (अ.) हसले, ती हकीकत तर मदरशात पहिल्या दुसऱ्या वर्षीच सांगितली जाते. मग त्याच मुलाच्या हातात मिठाची वाटी देताना आपल्याला काही वाटू नये, हे आम्हाला पटत नाही. शिवाय व्यवहाराचे पाहिले तरी मीठ कुंडीतच मुरते आणि गोगलगायीपाठोपाठ कढीपत्ताही मान टाकतो.

मोठी शंखी खरोखरच त्रास देत असेल तर रात्री इशानंतर टॉर्च घेऊन, हाताला प्लास्टिकची पिशवी चढवून ती वेचावी. पाऊस नुकताच थांबलेला असेल तर एका फेरीत पुष्कळ मिळतात. शेतकरी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधावर टाकतात आणि सकाळी त्याखाली जमलेल्या उचलतात. सोसायटीच्या बागेतही ही युक्ती चालते. जमलेल्या पिशवीत घालून विटेने एका घावात संपवाव्यात आणि पुरून टाकाव्यात. कुंडीची माती उकरताना साबुदाण्याहून मोठी, पिवळसर पांढरी, कडक टरफलाची अंडी शेकड्याने एकत्र मिळाली तर ती शंखीची, तीही ठेचावीत. विषारी गोळ्यांचे म्हणाल, तर त्यांत बहुधा मेटाल्डिहाइड असते, आणि ते मांजर, कुत्रा, रांगते मूल यांपैकी कुणालाही ओळखत नाही. गोळ्या शंखी आणि हटनेला यांतही फरक करत नाहीत. सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या वतीने हे सांगावे.

हात लावण्याबद्दल एक गोष्ट कडक आहे. मोठ्या शंखीत उंदरांच्या फुप्फुसातल्या एका कृमीची पिल्ले असू शकतात, आणि ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतात. म्हणून उघड्या हाताने धरू नये, धरली तर साबणाने हात धुवावेत, आणि गॅलरीतला पुदिना, कोथिंबीर चटणीत घालण्याआधी वाहत्या पाण्याखाली पान न् पान धुवावे. लहान गोगलगायींच्या बाबतीतही हीच शिस्त बरी.

पाहायला कुठे जायचे, हेही मुलीने विचारले आहे. गॅलरीखालीच बघ, बेटा. नर्सरीतून आलेल्या नव्या कुंडीच्या तळाची भोके, विटेखालची ओल, पावसात भिजलेला पाला. मशिदीच्या वजूखान्यामागे जिथे पाणी झिरपते आणि भिंतीला शेवाळ धरते, तिथे अॅलोपियास हमखास असते, आणि ती जिथे असते तिथे तिच्या मागावरची शोधावी. उपनगरांत आता फरशीखाली न गेलेली माती फार थोडी उरली आहे, आणि तिच्यातला एक मोठा वाटा आपल्या कब्रस्तानांचा आहे: जुनी झाडे, वर्षानुवर्षे न झाडलेला पाला, मऊ जमीन. अब्बूंबरोबर फातिहाला गेलीस तर कडेच्या भिंतीशी नजर टाकायला हरकत नाही. कबरीवरची माती उकरायची नाही, पाला उलटायचा नाही, जे वर दिसेल तेवढेच. राष्ट्रीय उद्यान मुलुंडहून आणि बोरिवलीहून जवळ आहे, मोहही होतो. पण तिथून काहीही उचलून आणायला वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. तिथे फक्त फोटो काढावेत.

फोटो काढायचा तर एक नको, चार हवेत: तोंड समोर, पाठ समोर, शेंड्यावरून, आणि खालून, म्हणजे बेंबी उघडी आहे की झाकलेली ते दिसेल. प्रत्येक फोटोत शेजारी पट्टी. किती वेढे आहेत ते शेंड्यापासून मोजून लिहावे. कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, कुंडीत की जमिनीवर, जिवंत की रिकामा, हे चिठ्ठीवर लिहून त्याच डबीत ठेवावे. चिठ्ठी नसलेल्या शंखाला आम्ही नुसता सुंदर म्हणू शकतो, बाकी काही नाही. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, ओलीत शाई पसरते.

अरबीत गोगलगायीला हलजून म्हणतात आणि त्याच शब्दावरून जिन्यासारख्या वळणदार कुठल्याही गोष्टीला हलजूनी. बसऱ्याच्या अल-जाहिजने प्राण्यांवर सात भागांचा ग्रंथ लिहिला, आणि इजिप्तच्या दमीरीने चौदाव्या शतकात प्राण्यांची अक्षरवारीने मांडलेली मोठी सूची केली. या दोघांबद्दल एका वाचकाने विचारले आहे. त्यावर पुढच्या महिन्यात लिहू, इन्शाअल्लाह. घाटकोपरच्या बंधूंनी पाठवलेली ती काळी, शंख नसलेली, चामड्याच्या पट्ट्यासारखी दिसणारी गोष्ट जळू नसून बिनशंखाची गोगलगाय आहे, आणि ती मांस खात नाही. अंधेरीच्या पत्रासोबतचा शंख वाटेत चुरा झाला. पुन्हा पाठवताना काडेपेटीत कापूस दाबून भरावा. जिवंत गोगलगाय टपालाने कृपया पाठवू नये.

मुलुंडचे सहा शंख चिठ्ठीसह परत पाठवत आहोत. त्यांतल्या पाचव्याच्या तोंडात दात पूर्ण उमटलेले नाहीत आणि ओठही पातळ आहे. तो भिंगाखाली बाकीच्यांच्या शेजारी ठेवून पाहावा.